चढणीवर येणारी भोवळ



वसंतातल्या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावे, काव्यावर बोलावे, फार तर राजकारणावर बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. भोवळ या विषयावर बोलावयास कोणी उभा राहिला म्हणजे श्रोते थोडे साशंक होतात, आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि हा विषय आम्ही या भागासाठी मुद्दाम निवडला आहे. महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके चढउताराचे. येथे पाण्याला जावयाचे तर चढण, शेतावर जावयाचे तर उतरण, देवळात जावयाचे तर पायऱ्या. तरुण मंडळी पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याकडे गेलेली. वाडीवस्तीवर मागे राहिली ती साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे. त्यांच्यापैकी कित्येकांना रक्तदाब आहे, कित्येकांना मधुमेह आहे, कोणाचे हृदय एकदा दुखावून गेलेले आहे. अशा माणसाला चढण चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तो दगडावर टेकतो, दोन घोट पाणी पितो आणि उठून चालू लागतो. घरी कोणी विचारलेच तर म्हणतो, "पित्त झाले असेल," किंवा "ऊन लागले." घरचे म्हणतात, "आता वय झाले." प्रकरण तेथेच मिटते. ते तेथे मिटू नये, एवढ्यासाठी आजचे व्याख्यान आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. आपली भाषा या बाबतीत मोठी संपन्न आहे. भोवळ, घेरी, चक्कर, अंधारी, झीट, ग्लानी, मूर्च्छा असे किती तरी शब्द आपल्याजवळ आहेत. पण दवाखान्यात गेल्यावर आपण सगळ्यांची मिळून एकच "चक्कर" करून टाकतो, आणि तेथेच निम्मी माहिती वाया जाते. घर आपल्याभोवती गरगर फिरते, कूस बदलली की पलंग फिरतो, ही खरी घेरी. तिचे मूळ बहुधा कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात असते. डोळ्यांपुढे काळोख पसरतो, आवाज दूर गेल्यासारखे वाटतात, पायांतले बळ जाते, ही अंधारी. येथे मेंदूला रक्त कमी पडलेले असते. आणि क्षणभर शुद्धच हरपते, माणूस खाली कोसळतो, ती मूर्च्छा अथवा झीट. अंधारी आणि मूर्च्छा या सख्ख्या बहिणी आहेत. अंधारी म्हणजे अर्ध्या वाटेवरून परत फिरलेली मूर्च्छाच. म्हणून "मी पडलो कोठे? नुसती अंधारी आली होती," असे म्हणून कोणी समाधान मानू नये.

आता हे घडते कसे? शरीराच्या वजनाच्या मानाने मेंदू पन्नासावा हिस्सा भरेल, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त तो एकटा घेतो. शिवाय त्याच्याजवळ साठा म्हणून काही नाही. रक्ताचा पुरवठा सहा ते दहा सेकंद थांबला की शुद्ध जाते. दुमजली घरातल्या नळाची गोष्ट आपण सारे जाणतो. खालच्या मजल्यावरचे सगळे नळ एकदम सोडले, की वरच्या मजल्यावरचा नळ करंगळीएवढा वाहू लागतो. माणूस चढण चढू लागला म्हणजे मांड्यापोटऱ्यांच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. खालचे नळ सुटतात. निरोगी हृदय लगेच जोर वाढवते. स्वस्थ बसले असता ते मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फेकते. श्रमाच्या वेळी त्याच्या कित्येक पट फेकू शकते, आणि वरच्या मजल्यावर पाणी पूर्ववत चढत राहते. पण ज्या हृदयाला जोर वाढवता येत नाही, त्याच्या धन्याला चढणीच्या मध्यावर अंधारी येते. बसल्या जागी हेच हृदय पुरे पडत असल्यामुळे माणसाला आपण धडधाकट आहोत असे वाटत राहते.

जोर न वाढण्याची कारणे मुख्यतः तीन. पहिले कारण म्हणजे झडप अरुंद होणे. हृदयातून महारोहिणीत रक्त जाते तेथे तीन पाकळ्यांची एक झडप असते. तिचे तोंड तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडते. उतारवयात या पाकळ्यांवर चुन्याची पुटे चढतात. लहानपणी सांधेतापाने हृदयाला इजा झाली असेल तर हे लवकरही होते. तोंड एक चौरस सेंटिमीटरच्या खाली आले, की हृदयाने कितीही जोर केला तरी ठराविक मापापेक्षा अधिक रक्त बाहेर पडत नाही. सावित्रीला पूर आला असता शेताच्या बांधातली मोरी जेवढी, तेवढेच पाणी तीतून जावयाचे, त्यातला हा प्रकार आहे. या रोगाची तीन लक्षणे सांगतात : श्रमाने छाती भरून येणे, श्रमाने धाप लागणे आणि श्रमाने मूर्च्छा येणे. अमेरिकेतील रॉस आणि ब्राउनवाल्ड या दोन वैद्यांनी १९६८ साली दाखवून दिले, की ही लक्षणे दिसेपर्यंत रोगी वर्षानुवर्षे बरा असतो. पण मूर्च्छा येऊ लागल्यावर झडपेचा इलाज केला नाही, तर त्याचे आयुष्य सरासरी तीन वर्षांच्या आसपास उरते. "वय झाले" या दोन शब्दांत आपण काय झाकून ठेवतो, ते यावरून ध्यानात यावे.

दुसरे कारण ठोक्यांचे. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे विजेचा एक सूक्ष्म संदेश जातो, आणि त्या तालावर हृदय चालते. संदेशाची वाट अडली तर नाडी साठ-सत्तरावरून तिसापस्तिसावर येते. मधूनच काही सेकंद ती थांबतेही. डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्सने १८२७ साली आणि त्याच गावच्या विल्यम स्टोक्सने १८४६ साली अशा रोग्यांची वर्णने लिहून ठेवली. मंद नाडी आणि मूर्च्छा यांची सांगड घातली गेली ती त्यामुळे. उलट, जुन्या हृदयविकाराच्या झटक्याने हृदयाच्या भिंतीवर वण राहिला असेल, तर तेथून बेताल ठोके सुटतात. नाडी दीडशे-दोनशेवर जाते आणि हृदय नुसते फडफडते, रक्त पुढे जात नाही. या दोन्ही प्रकारांत माणूस पूर्वसूचनेशिवाय कोसळतो. हात पुढे करावयासही सवड मिळत नाही, म्हणून तोंडावर, कपाळावर मार लागतो. असा मार लागलेला वृद्ध दवाखान्यात आला, तर जखमेला टाके घालून काम संपत नाही. तो पडला का, हे पाहावयास हवे.

तिसरे कारण हृदयाच्या स्नायूचे. झटक्याने तो दुबळा झालेला असतो, किंवा त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंद झालेल्या असतात, किंवा काही घराण्यांत तो जन्मतःच जाड होत जातो. मधुमेही माणसाच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी : त्याला छातीत कळ न येताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. कळ नाही, केवळ घाम, धाप आणि अंधारी.

आता, चढणीवर येणारी प्रत्येक अंधारी हृदयाचीच असते काय? नाही. आणि येथे एक खूण सांगून ठेवतो. चालता चालता, ऐन श्रमात अंधारी आली, तर हृदयाची तपासणी होऊन ते निर्दोष ठरेपर्यंत दोष हृदयाचाच समजावा. चढण संपवून थांबल्यावर, उभ्याउभ्याच अंधारी आली, तर ती पुष्कळदा रक्तदाब उतरल्याची असते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलीत असतात. आपण एकदम थांबलो की तो पंप थांबतो आणि रक्त पायांत साचते. नुसते उभे राहिल्यानेदेखील अर्धा लिटर, कधी त्याहून अधिक रक्त खाली उतरते. म्हणून चढ संपताच खांबासारखे उभे राहू नये. चार पावले सावकाश चालावे, मग बसावे. दोहोंपैकी कोणतीही असली तरी ज्याला हृदयविकार आहे त्याने ती डॉक्टरांच्या कानावर घालावीच.

रक्तदाब उतरण्याची आपल्या भागातली ठिकाणे सांगतो. भातलावणीत तास-दोन तास वाकून राहावयाचे आणि एकदम ताठ व्हावयाचे. महाडजवळ सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत; गरम पाण्यात बसले की कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि झटकन उठून बाहेर येणाऱ्या वृद्धाला भोवळ येते. शिमग्याला पालखी नाचवताना चाकरमानी मंडळी भर उन्हात, धड न जेवता, खांद्यावर भार घेऊन नाचतात. त्यांत साठीचे गृहस्थही असतात, आणि वर्षभर मुंबईत खुर्चीवर बसलेले असतात. एकादशीचा निर्जळ उपवास आणि सकाळची रक्तदाबाची गोळी यांचेही जुळत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपवास केला, तर रक्तातली साखर उतरून आणखी निराळाच धोका. रात्री लघवीला उठताना, आणि पोटभर जेवणानंतर लगेच चालू लागताना, हीही अंधारीची वेळ असते.

रायगडाचे नाव येथे घ्यावयास हवे. गड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच; पायऱ्या दीड हजारांच्या आसपास. चैत्री पौर्णिमेला महाराजांच्या पुण्यतिथीस आणि ६ जूनला राज्याभिषेक दिनास लोक श्रद्धेने वर जातात. एकदा चैत्राचे ऊन असते आणि एकदा पावसाआधीचा दमट उकाडा. घाम गळतो तो वाऱ्याने वाळतही नाही. महाराजांच्या समाधीचे दर्शन घेण्याची इच्छा सत्तराव्या वर्षी होऊ नये, असे आम्ही कोण म्हणणार? परंतु १९९६ सालापासून गडाला दोरवाट आहे, आणि हृदयविकाराच्या माणसाने तिने वर गेल्यास भक्तीत काही उणे येते असे आम्हांला वाटत नाही. पायीच जावयाचे असेल तर आधी तपासणी करून घ्यावी, पहाटे निघावे, सोबत असावी, आणि चढताना सोबत्याशी सलग बोलता येईल एवढ्याच वेगाने चढावे. वाक्य मध्येच तुटू लागले, की थांबण्याची वेळ झाली. हे माप घड्याळाशिवाय घेता येते.

औषधांबद्दल बोलताना महाडचाच एक अभिमानाचा दाखला देतो. डॉ. हिंमतराव बावसकर हे १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने त्या काळी धडधाकट माणसे आणि पोरे हृदय व फुप्फुसे निकामी होऊन दगावत. डॉक्टरांनी रोग्यांच्या उशाशी बसून निरीक्षण केले, आणि रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून दाखवले. त्यांचे लेख 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात छापून आले. मृत्यूचे प्रमाण फार खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता याच प्राझोसिनचा दुसरा गुण पाहा. रक्तवाहिन्या सैल करते म्हणूनच त्याच्या पहिल्या मात्रेनंतर रोगी उठून उभा राहिला तर त्याला मूर्च्छा येऊ शकते. म्हणून रोग्याला आडवे ठेवावयाचे. हेच औषध किंवा याच्या जातीची औषधे रक्तदाबासाठी, आणि वृद्ध पुरुषांना लघवीच्या त्रासासाठी दिली जातात. विंचवाच्या दंशात जीव वाचवणारा गुण पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पाडणारा ठरतो. औषध वाईट नव्हे. ते घेऊन कसे उठावे, हे कोणी तरी सांगितले पाहिजे.

तेव्हा गोळ्यांचे नियम साधे आहेत. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर व्हावे, मग काठावर बसावे, पाय हलवावे, मिनिटभराने उभे राहावे. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवावयाची गोळी बसून घ्यावी, उभ्याने कधीही नाही. लघवीची गोळी चालू असेल आणि जुलाब-वांती सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. दोन डॉक्टरांची औषधे चालू असतील तर दोघांच्याही चिठ्ठ्या दोघांना दाखवाव्या. एकाच जातीची गोळी दोन नावांनी पोटात जाते, हे पुष्कळदा घडते. आणि भोवळीच्या भयाने गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. एकदम थांबवलेली काही औषधे सुरू असलेल्या औषधापेक्षा अधिक घात करतात.

माणूस डोळ्यांदेखत कोसळला तर काय करावे? आपल्याकडे पहिली घाई असते ती त्याला उचलून खुर्चीवर बसवण्याची. कोणी पाठीमागून धरतो, कोणी तोंडात पाणी ओततो, कोणी कांदा किंवा चप्पल हुंगावयास देतो. यांतले एकही करू नये. शरीराने त्याला आडवे केले आहे ते मेंदूला रक्त मिळावे म्हणून. त्याला पुन्हा ताठ बसवणे म्हणजे ते रक्त तोडणे होय. त्याला सपाट आडवे ठेवावे, पाय फूटभर वर करावे, गळ्याशी कपडे सैल करावे, गर्दी हटवावी. साधी मूर्च्छा मिनिट-दोन मिनिटांत उतरते. शुद्धीवर आल्यावर छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलणे अडखळत असेल, किंवा त्याला हृदयविकार आहे हे ठाऊक असेल, तर १०८ क्रमांकाला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. आणि हाक मारून, हलवूनही तो प्रतिसाद देत नसेल, श्वास चालत नसेल, तर ही मूर्च्छा नव्हे. हृदय थांबले आहे. एकाने फोन करावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावे, मदत येईपर्यंत. पोलादपूरच्या एखाद्या उंचावरच्या वाडीवर गाडी पोहोचावयास वेळ लागणारच. तेवढा वेळ शेजाऱ्याच्या हातांनीच भरून काढावयाचा आहे. हे हात शाळेतली आठवी-नववीतली मुलेसुद्धा तयार करू शकतात.

डॉक्टरांकडे जाताना, ज्याने पडताना पाहिले त्याला बरोबर न्यावे. पडलेल्याला काहीच आठवत नसते. तो काय करीत होता, चढत होता की उभा होता, चेहरा पांढरा पडला की निळसर झाला, नाडी किती होती, किती वेळाने शुद्ध आली, हे पाहणाराच सांगू शकतो. तपासणीत छाती नळीने ऐकली जाते. अरुंद झडपेचा खरखरीत ध्वनी बहुधा तेथेच कळतो. रक्तदाब झोपून आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजावयाचा. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा उतरला, तर दोष रक्तदाबाचा. हा दुसरा रक्तदाब कोणी मोजला नाही, तर आपण विनयाने आठवण करून द्यावी. हृदयाचा विद्युत आलेख, ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र, रक्तातले लोह आणि साखर; गरज पडल्यास चोवीस तास अंगावर बांधावयाचे ठोके नोंदवणारे यंत्र. या तपासण्या आता दुर्मिळ राहिलेल्या नाहीत. कारण कळेपर्यंत त्या माणसाने कशेडी किंवा आंबेनळी घाटात वाहन हाकू नये, विहिरीच्या काठावर एकट्याने जाऊ नये, आणि पावसाच्या तोंडावर कौले परतावयास शिडीवर चढू नये.

तपासून उपयोग काय, असा प्रश्न आमच्या ऐकण्यात येतो. स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाचा एक गृहस्थ होता. हृदयातली विजेची वाट अडल्यामुळे त्याला दिवसातून वीस-तीस वेळा मूर्च्छा येत असे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी सेनिंग या शल्यवैद्याने आणि एल्मक्विस्ट या अभियंत्याने तयार केलेले ठोके देणारे यंत्र त्याच्या शरीरात बसवण्यात आले. माणसाच्या शरीरात बसवलेले असे ते पहिले यंत्र. ते काही तासच चालले. मग दुसरे बसवले, पुढे तिसरे. त्याला जन्मभरात अशी सव्वीस यंत्रे लागली. पण तो २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगला, आणि शेवटी गेला तो हृदयाच्या विकाराने नव्हे. झडपेच्या बाबतीत आपल्या देशाचेही नाव घ्यावयास हवे : त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली देशी झडप १९९० साली पहिल्या रोग्याला बसवली गेली. फ्रान्समध्ये २००२ साली क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी सरकवून झडप बसवून दाखवली. छाती उघडण्याचे बळ नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला आज तीही वाट मोकळी आहे. खर्च मोठा असतो, हे खरे. परंतु महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. त्यांची चौकशी न करताच "आपल्याला परवडणार नाही" असे ठरवून घरी बसणे, हा चुकीचा हिशेब होय.

एक शेवटचा मुद्दा. हे सारे ऐकून कोणी घरातल्या आजोबांना उद्यापासून खाटेवर बसवून ठेवील, तर आमचे व्याख्यान उपायाऐवजी अपाय करील. जो बसून राहतो त्याचे स्नायू वाळतात, पोटऱ्यांचा पंप दुबळा होतो, आणि उभे राहताच त्याला अधिक भोवळ येते. कारण कळले, इलाज झाला, की चालणे हेच त्याचे औषध. आरंभी सपाटीवर, महाडकरांनी चवदार तळ्याला सावकाश फेऱ्या घालाव्या, मग थोडा चढ, मग थोडा अधिक. ज्या वृद्ध बाईने चाळीस वर्षे डोक्यावर हंडा वाहिला तिला "आता काही करू नकोस" असे म्हणणे प्रेमाचे वाटते, पण तिला ते घरातून उठवल्यासारखे लागते. हंडा दुसऱ्याने आणावा; तिने बरोबर चालत जावे.

आज घरी गेल्यावर दोनच गोष्टी कराव्या, अशी विनंती आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सगळ्या गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून तो दाराजवळ अडकवून ठेवावा. आणि त्यांना विचारावे, "चढताना कधी डोळ्यांपुढे अंधारी येते का?" 'चक्कर येते का' असे विचारू नये, अंधारी हाच शब्द वापरावा. उत्तर क्षणभर थांबून आले, तर ते नीट ऐकून घ्यावे आणि या आठवड्यातच डॉक्टरांकडे जावे.